कूं-कूं आवाज आणि अडलेलं वजन

वाचकाचं पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, घरी केळी आणि कपाशी आहे. माझं पहिलंच बाळ, मुलगा, आता दहा आठवड्यांचा झाला. दिवस पूर्ण भरले होते, बाळंतपण साधं झालं, जन्माचं वजन २ किलो ८०० ग्रॅम. पंधरा-अठरा दिवसांचा असताना श्वास घेताना घशातून कूं-कूं असा आवाज यायला लागला. रडला, दूध प्यायला लागला किंवा पाठीवर निजवला की आवाज वाढतो, खांद्यावर घेतला की कमी होतो. ताप नाही, नाक वाहत नाही. सासूबाई म्हणतात, "पोऱ्याले कफ शे, छाती भरेल शे." त्या ओव्याची धुरी देतात, नाकात तेल सोडतात. गावातल्या डॉक्टरांनी तीनदा मशीनची वाफ दिली, दोन बाटल्या औषध दिलं, फरक नाही. माहेरी भुसावळला दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी आवाज ऐकूनच सांगितलं, लॅरिंगोमलेशिया आहे, दीड-दोन वर्षांत आपोआप जाईल, काही करू नका. मी निश्चिंत झाले. पण आता दूध प्यायला पाऊण तास लागतो, मध्येच सोडून धापा टाकतो. कधी कधी श्वास सोडतानाही आवाज येतो असं वाटतं, नक्की सांगता येत नाही. दीड महिन्याच्या लसीला वजन ३ किलो ९०० होतं, परवा अडीच महिन्यांच्या लसीला ४ किलो १०० भरलं. कुणाचं ऐकू? माझ्या गरोदरपणात काही चुकलं का? आणि तीन आठवड्यांनी शिरपूरला माझ्या भावाचं लग्न आहे, बाळाला नेऊ का?

एक आई, चोपडा तालुका

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळं पत्र आवाजाबद्दल आहे, पण मला अडवलं ते शेवटाकडच्या दोन आकड्यांनी. सहा आठवड्यांना ३ किलो ९००, दहा आठवड्यांना ४ किलो १००. म्हणजे २८ दिवसांत २०० ग्रॅम, दिवसाला जेमतेम ७ ग्रॅम. या वयाचं बाळ दिवसाला २० ते ३० ग्रॅमनं वाढायला हवं. पहिले सहा आठवडे तुमचं बाळ तसं वाढत होतं, १ किलो १०० ग्रॅम कमावले होते त्यानं. नंतर कुठेतरी अडलं.

म्हणून आधी करायचं काय ते सांगते, कारणं मागून. भुसावळच्या डॉक्टरांचा अंदाज खरा ठरण्याची शक्यता चांगली आहे. पण "काही करू नका" हा सल्ला त्यांनी दिला तेव्हाचं बाळ आणि आजचं बाळ यांत फरक पडलाय. या आठवड्यातच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून बाळाच्या घशात दुर्बीण घालून बघून घ्या. खाली धोक्याच्या खुणा लिहिल्या आहेत. त्यांतली एकही नसेल तर रात्रीतून गाडी काढायची गरज नाही, पण लग्न उरकेपर्यंत थांबूही नका.

आता कफाचं बघू, कारण तुमच्या घरातला खरा वाद तोच आहे. ज्या बाळाला ताप नाही, खोकला नाही, नाक वाहत नाही आणि जो आवाज सात-आठ आठवडे रोज येतोय, तो कफाचा नसतो. कफाचा आवाज ओला असतो, जागा बदलतो, खोकल्यावर किंवा उलटी झाल्यावर तेवढ्यापुरता जातो. तुम्ही सांगताय तो आवाज सुका, एकाच सुरातला, घशातून येणारा आहे. सासूबाईंचा हात बाळाच्या छातीवर असतो आणि हाताला घरघर लागते, म्हणून त्यांना छाती भरलेली वाटते. त्यांचा हात खोटं सांगत नाही. गळ्यातला आवाज छातीच्या पिंजऱ्यातून घुमून हाताला लागतो, एवढंच. मशीनच्या वाफेनं फरक पडला नाही, हीसुद्धा एक माहितीच आहे. ती वाफ छातीतल्या बारीक नळ्या मोकळ्या करायला असते. अडचण त्या नळ्यांत नसेल तर वाफ करणार काय?

तुमच्या घरी विहीर आणि मोटार असणार, म्हणून तिथलंच उदाहरण देते. मोटारीच्या सक्शनला कुणी मऊ लपेटा पाइप लावत नाही. लावला तर मोटार पाणी ओढायला लागली की तो आतल्या आत चपटा होऊन बसेल. पुढे पाणी ढकलायला मात्र लपेटा पाइप चालतो, उलट तो फुगतो. बाळाच्या गळ्याचंही तसंच आहे. श्वास आत ओढताना स्वरयंत्राच्या वरचा भाग सक्शनच्या बाजूला असतो. काही बाळांमध्ये तिथलं झाकण आणि त्याच्या कडेच्या घड्या जास्त मऊ आणि सैल असतात. जोरात ओढलं की त्या आत खेचल्या जातात, वाट अरुंद होते आणि कूं-कूं वाजतं. श्वास सोडताना त्याच घड्या बाहेर ढकलल्या जातात, म्हणून तेव्हा आवाज नसतो. हाच लॅरिंगोमलेशिया, मऊ स्वरयंत्र. बाळांमध्ये श्वासाला असा आवाज येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू होतो, चार ते आठ महिन्यांपर्यंत वाढत जातो आणि दीड-दोन वर्षांत बहुतेकांचा जातो. रडताना, पिताना, पाठीवर असताना जास्त आणि उभं धरलं की कमी, हे तुमचं वर्णन त्याला तंतोतंत लागू पडतं.

मात्र याच हिशेबानं श्वास सोडताना येणारा आवाज या दुखण्यात बसत नाही. छातीच्या आत असलेली श्वासनळी मऊ असेल तर उलटं होतं, ती श्वास सोडताना मिटते आणि घरघर बाहेर येताना वाजते. आणि स्वरयंत्राच्या खाली, जिथे नळी कूर्चेच्या कड्यातून जाते, तिथे वाट अरुंद असेल तर आवाज दोन्ही वेळा येतो, आत जातानाही आणि बाहेर येतानाही. नवजात बाळात तिथली वाट असते ४ ते ५ मिलिमीटरची. ४ मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडे फक्त १ मिलिमीटर सूज आली तरी जागा चौथा हिस्साच उरते. मोठ्या माणसाचा घसा बसतो तेवढ्या सुजेनं बाळाचा श्वास अडतो.

म्हणून तुमचं "नक्की सांगता येत नाही" हे वाक्य मला आधी सोडवायचं आहे, आणि ते तुम्हीच सोडवू शकता. बाळ शांत झोपलेलं असताना टीव्ही, कूलर बंद करा. अंगावरचं कापड पोटापर्यंत काढा आणि तळहात हलकेच पोटावर ठेवा. पोट वर येतं तेव्हा श्वास आत जातो, खाली बसतं तेव्हा बाहेर येतो. आवाज हात वर जाताना येतो, खाली येताना येतो की दोन्ही वेळा, हे दहा-पंधरा श्वास बघा. मग मोबाईलवर एक-एक मिनिटाचे तीन व्हिडिओ काढा, एक झोपेतला, एक दूध पितानाचा, एक रडतानाचा. उजेड चांगला हवा, छाती, पोट आणि गळ्याखालची खळी दिसायला हवी. दवाखान्यात गेल्यावर बाळ नेमकं शांत होतं आणि डॉक्टरांना काहीच ऐकू येत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. पूर्वी आईच्या नकलेवर भागवावं लागायचं, आता तिच्या फोनमध्ये पुरावा असतो. त्या व्हिडिओंमुळे दुर्बिणीची निकड किती आहे हेही समोरच्या डॉक्टरांना लगेच कळतं.

रडण्याचा आवाजही नीट ऐका. खणखणीत रडतो की घोगरा, दबका रडतो? मऊ स्वरयंत्राच्या बाळाचं रडणं साफ असतं. जन्मापासून रडणं घोगरं किंवा क्षीण असेल तर स्वरतंतूंपैकी एखादा हलत नसेल किंवा दोन तंतूंमध्ये जन्मतःच पातळ पडदा असेल, अशी शंका येते. तोंडात काही धरून रडल्यासारखं दबकं रडणं असेल तर जिभेच्या मुळाशी पाण्याची गाठ असू शकते. ही गाठ बाहेरून हुबेहूब मऊ स्वरयंत्रासारखी वागते आणि अचानक वाट बंद करू शकते. आत बघितल्याशिवाय दोन्हींत फरक कळत नाही.

बाळाचं सगळं अंग उजेडात बघा. हनुवटी, खालचा ओठ, जबडा आणि कानापुढची जागा, म्हणजे पुरुषांना दाढी येते तो भाग, तिथे लालभडक, किंचित उंच डाग आहे का? हे मी मुद्दाम विचारतेय, त्याला कारण आहे. माझ्याकडे एक मुलगी यायची, अशीच अडीच महिन्यांची. आवाज तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू झालेला. मी ऐकलं आणि सांगून टाकलं, मऊ स्वरयंत्र आहे, जाईल. मध्ये सर्दी झाली, श्वास वाढला, मी दोन-तीन दिवस स्टिरॉइड दिलं. आवाज बराच कमी झाला आणि मला वाटलं, सुटलो. दहा दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त आवाज घेऊन ती परत आली. तिच्या खालच्या ओठाखाली मसुराच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. आजीनं तो मला पहिल्याच दिवशी दाखवला होता, जन्मखूण आहे का म्हणून. मी मान हलवून पुढे गेले होते. मुंबईला दुर्बीण घातली तेव्हा स्वरयंत्राच्या खाली तसाच लाल गोळा निघाला, रक्तवाहिन्यांचा. तो जन्माच्या वेळी नसतो, पहिल्या काही आठवड्यांत उगवतो आणि झपाट्यानं वाढतो. अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या कातडीवरही लाल डाग असतो. स्टिरॉइडनं तो गोळा तात्पुरता आवळतो, म्हणूनच माझी फसगत झाली.

ती मुलगी वाचली, चांगली वाढली. तिला रक्तदाबावर देतात ते प्रोप्रॅनोलॉल नावाचं जुनं, स्वस्त औषध काही महिने दिलं. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी हा शोध प्रसिद्ध केला होता. हृदयासाठी हे औषध दिलेल्या एका बाळाच्या नाकावरची अशीच लाल गाठ दुसऱ्याच दिवसापासून मऊ पडून फिकी व्हायला लागली, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याआधी अशा कित्येक बाळांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागायची. त्या मुलीनंतर मी एक नियम धरला आहे. आवाज नुसता ऐकून मी नाव सांगते ते अंदाज म्हणून, आणि तो अंदाजच आहे हे आईला सांगते. वजन अडलं, आवाज दोन्ही बाजूंनी आला, रडणं घोगरं असलं किंवा डाग दिसला तर अंदाजावर एक दिवसही काढत नाही.

बाकीची कारणं तुमच्या बाळात कमी संभवतात, तरी इतर आयांसाठी थोडक्यात लिहिते. जन्मतःच दोन्ही नाकपुड्या मागून बंद असतील तर बाळ जन्मल्याबरोबर अडचणीत येतं, कारण पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात. शांत असलं की निळं पडतं आणि रडलं की गुलाबी होतं. रडताना तोंड उघडतं ना. प्रसूतिगृहातच नाकातून बारीक नळी घालून बघतात, ती अडली की संशय येतो आणि सीटी स्कॅननं पक्कं होतं. एकच नाकपुडी बंद असेल तर मात्र वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, एकाच बाजूनं घट्ट शेंबूड वाहत राहतो. थंड स्टीलचा चमचा नाकाखाली धरला तर दोन्ही बाजूंना वाफ धरते का ते घरी बघता येतं. हनुवटी फारच मागे आणि लहान असेल तर जीभ मागे पडून वाट अडते, त्यात टाळूही दुभंगलेली असू शकते. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीनं श्वासनळी आणि अन्ननळी यांना कडं घातलेलं असेल तर आवाज येतो, गिळायला त्रास होतो आणि बाळ मान मागे टाकून झोपतं. आणि जन्मल्यावर कृत्रिम श्वासाच्या मशीनवर राहिलेल्या बाळाला पुढे असा आवाज आला तर नळीच्या घर्षणानं वाट अरुंद झाली का हा पहिला प्रश्न. तुमचं बाळ मशीनवर नव्हतं, पण डॉक्टरांना हे आपणहून सांगा. वरचेवर विसरलं जातं.

आता दुर्बिणीबद्दल. तुम्हाला वाटत असेल भूल, ऑपरेशन थिएटर, मुंबई. पहिली तपासणी तशी नसते. बाळ जागं असतं, तुमच्या मांडीवर असतं, नाकातून एक बारीक, लवचीक नळी स्वरयंत्राच्या वरपर्यंत नेतात आणि काही मिनिटांत काम होतं. बाळ रडतं. रडावंच लागतं, कारण जोरात श्वास ओढल्यावरच त्या घड्या आत ओढल्या जाताना दिसतात. स्वरतंतू हलतात का तेही तेव्हाच कळतं. तुम्ही पडद्यावर बघू शकता, तसं सांगून ठेवा. आपल्या पोराच्या घशात काय हलतंय हे आईनं एकदा डोळ्यांनी बघितलं की तिची अर्धी झोप परत येते.

ही दुर्बीण तंतूंच्या खाली जात नाही. वर फारसं काही सापडलं नाही, किंवा सापडलं ते इतकं किरकोळ असलं की त्यानं वजन अडणं शक्य नाही, तर भूल देऊन खालची श्वासनळी बघावी लागते. काही बाळांत एकाच वेळी दोन ठिकाणी अडचण असते, आणि वरची सापडली की खालची शोधायची राहून जाते. ही दुसरी तपासणी मात्र तान्ह्या बाळांना भूल देण्याचा सराव असलेल्या मोठ्या ठिकाणीच व्हावी. गळ्याचा एक्स-रे काढून कुणी "सगळं नॉर्मल" म्हटलं तर त्यावर विसंबू नका. मऊ घड्या एक्स-रेत दिसत नाहीत, कारण त्यांचा दोष हलण्यात असतो आणि एक्स-रे हा स्थिर फोटो. आणि अडलेल्या श्वासाच्या बाळाला झोपेचं औषध पाजून स्कॅनला पाठवण्याआधी तज्ज्ञानं बघितलेलं असावं.

कुठे जायचं? जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभाग असतो. तुम्हाला जळगाव जवळ. जाण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा, अडीच महिन्यांच्या बाळाला चालेल अशी बारीक दुर्बीण आहे का? मोठ्यांची दुर्बीण बाळाच्या नाकात जात नाही. नसेल तर वाट न बघता पुढे, नाशिक, पुणे किंवा मुंबई. मुंबईत परळला वाडिया मुलांचं रुग्णालय आहे, तान्ह्या बाळांच्या श्वासमार्गाचं काम तिथे होतं. खर्चासाठी आशाताईला किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबद्दल विचारा. २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झालेली ही योजना आहे, जन्मजात दोष असलेल्या मुलांना पुढे पाठवणं हे त्या पथकाचं कामच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद, रेशनकार्ड, आधार आणि बाळाचं लसीचं कार्ड एका पिशवीत घालून ठेवा. ते कार्ड विसरू नका, वजनाचे आकडे त्यावर आहेत.

वजनावरून आठवलं. दोन्ही लसींना काटा तोच होता का? एका काट्यावर कपड्यांसकट आणि दुसऱ्यावर उघडं मोजलं असेल तर शे-दोनशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात. उद्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात उघड्या अंगानं मोजा, तीन-चार दिवसांनी त्याच काट्यावर पुन्हा मोजा. मात्र काटा चुकला असेल या आशेवर दुर्बीण लांबवू नका. पाऊण तास दूध पिणं आणि मध्ये धापा टाकणं हे काट्यावर अवलंबून नाही. बाळ श्वास घेण्यातच इतकी ताकद घालवतंय की पोटात गेलेलं दूध त्यातच खर्च होतं.

तोवर घरी काय? दूध अंगावरचंच चालू ठेवा. पाजताना बाळाला जास्त उभं धरा, डोकं पोटापेक्षा बरंच वर. थोडं प्यायला की थांबा, श्वास घेऊ द्या, ढेकर काढा, पुन्हा लावा. पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर ठेवा. अशा बाळांना दूध वर येण्याचा त्रास बऱ्याचदा असतो, आंबट दूध स्वरयंत्रावर आलं की सूज वाढते. त्यावर औषध लागेल का ते बघणारे डॉक्टर ठरवतील. बोंडल्यानं घाईघाईत दूध ओतू नका, वरचं दूध किंवा दाट पेज सुरू करू नका. निजवायचं मात्र पाठीवरच. पालथं घातलं की आवाज कमी होतो म्हणून रात्री पालथं निजवण्याचा मोह होईल, तो टाळा. पालथं झोपलेल्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका जास्त असतो. तुम्ही समोर बसलेल्या असाल आणि बाळ जागं असेल तेव्हा थोडा वेळ पालथं घालायला हरकत नाही.

धुरी बंद. हे मी जरा कडक शब्दांत लिहितेय, सासूबाईंनी राग मानू नये. ओवा चांगला आहे, बाळंतिणीनं खावा. पण धूर ओव्याचा असो, धुपाचा असो की चुलीतल्या पऱ्हाट्यांचा, चार मिलिमीटरच्या वाटेला तो सूजच आणतो. बिडी ओढणाऱ्यानं कपडे बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये. नाकात तेल सोडणंही बंद. ते तेल उतरत उतरत फुप्फुसात जातं आणि तिथून निघत नाही, त्यानं होणारा न्यूमोनिया फार चिवट असतो. अंगाला, टाळूला खुशाल लावा. खोकल्याचं औषध, गुटी, मध काही नको. आणि कुणी पोटावर चटके देऊन "डबा" उतरवायचं सुचवलं तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. त्या वेदनेनं बाळ जोरात रडेल आणि जोरात रडण्यानंच त्याची वाट मिटते.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांना कामाला लावा. पोटावर हात ठेवून आवाज कधी येतो ते त्यांना मोजायला सांगा. त्यांच्या हातांनी तुमच्यापेक्षा जास्त बाळं हाताळली आहेत. माझ्या त्या मुलीचा ठिपका आजीलाच दिसला होता.

आता धोक्याच्या खुणा. यांतली एक जरी दिसली तरी १०८ ला फोन करा, थेट मोठ्या दवाखान्यात जा, गावात वाफ देण्यात वेळ घालवू नका. ओठ किंवा जीभ निळी पडणं. श्वास वीस सेकंद थांबणं, किंवा थोडाच वेळ थांबून बाळ ढिलं पडणं. दूध ओढणं बंद होणं. गळ्याखालची खळी आणि बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला खोल आत जाणं, तेही शांत असताना. झोपेतून नीट जागं न होणं. शांत बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजल्यावर ५० किंवा जास्त भरणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हाच आकडा ६० धरतात. आणखी एक खूण आहे, तिनं माणसं फसतात. छाती जोरात आत-बाहेर होतेय पण आवाज मात्र कमी झालाय, असं दिसलं तर ते बरं होणं नसतं. हवाच जात नसेल तर वाजणार काय? तिथे क्षणभरही थांबू नका.

दुर्बिणीत साधं मऊ स्वरयंत्र निघालं तर? त्याची तीव्रता डॉक्टर सांगतील. दहांतल्या आठ-नऊ बाळांना कापाकापीची गरज पडत नाही, दूध पाजण्याची पद्धत, कधी आंबटपणाचं औषध आणि दर आठवड्याचं वजन यांवर निभावतं. वजन तरीही अडलेलं राहिलं किंवा श्वास थांबायला लागला तर तोंडातूनच आत जाऊन जादा सैल घड्या छाटतात. गळ्यावर बाहेरून टाका नसतो. बहुतेक बाळं त्यानंतर लवकरच नीट दूध प्यायला लागतात. तुमच्या बाळाचे आकडे बघता हा विषय निघू शकतो, म्हणून आधी सांगून ठेवतेय.

तुमचं काही चुकलं का, असं विचारलंत. नाही. श्वासनळी आणि स्वरयंत्र गर्भात पहिल्या तीन महिन्यांतच घडतं, आणि बाळ पोटात असताना तुम्ही काय खाल्लं, कधी बाहेर पडलात, ग्रहणात विळी हातात धरली का, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. घरात कुणी तसं बोललं तर हे पत्र वाचून दाखवा. उलट दोन्ही लसींचे वजनाचे आकडे तुम्ही लक्षात ठेवून लिहिलेत, त्यावरूनच मला पुढचं दिसलं.

राहिलं लग्न. दुर्बीण आधी, लग्न मागून. आत काय आहे ते कळलं, वजन पुन्हा चढायला लागलं आणि बघणाऱ्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर शिरपूर काही लांब नाही, जा. पण बाळ हळदीच्या मांडवात, डीजेपुढे, चुलाणाच्या धुरात नको, बंद खोलीत नको आणि शिंकणाऱ्या, खोकणाऱ्या पाहुण्यांच्या हातात तर नकोच. यावेळी साधी सर्दीही त्याला जड जाईल. एक मोकळी, हवेशीर खोली आधीच सांगून ठेवा, फोन चार्ज करून व्हिडिओंसकट जवळ ठेवा, कागदांची पिशवी गाडीत असू द्या. डॉक्टरांनी नको म्हटलं तर तुम्ही अक्षता टाकायच्या वेळेपुरत्या जाऊन या आणि बाळाला सासूबाईंच्या मांडीवर ठेवा, खांद्यावर उभं धरून.